कोकणातून वैमानिक होताना: ग्राउंडचे विषय कसे अभ्यासावेत

दाभोळच्या धक्क्यावरून धोपाव्याला जाणारी फेरीबोट तुम्ही कधी नीट बघितली असेल, तर एअर नेव्हिगेशनचा पहिला धडा तुमचा झालेला आहे. ओहोटीला पाणी समुद्राकडे धावत असतं तेव्हा बोट समोरच्या धक्क्याकडे तोंड करून निघत नाही. तोंड वरच्या अंगाला, चिपळूणच्या बाजूला धरते, आणि तिरकी सरकत सरकत बरोबर समोर लागते. तोंड एकीकडे, वाट दुसरीकडे. विमानात या तोंडाला हेडिंग म्हणतात, वाटेला ट्रॅक, आणि दोन्हींमधल्या कोनाला ड्रिफ्ट.

माझं लहानपण त्या खाडीच्या काठावर गेलं. तरीही नेव्हिगेशनच्या पेपरात मी पहिल्यांदा नापास झाले. ७० टक्के लागतात, मला ६४ मिळाले. शहरातल्या एका क्लासने जाडजूड प्रश्नसंच हातात दिला होता, तो मी तीनदा पाठ केला. पेपरात आकडे बदलून आले आणि माझ्याकडे आकड्यांशिवाय काहीच नव्हतं. घरी परत आले, ओटीवर बसून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि या वेळी प्रत्येक गोष्ट समोरच्या खाडीवर, डोंगरावर, आभाळावर लावून बघितली. त्यानंतर एकही पेपर अडला नाही. आज मी सहवैमानिक आहे. गणपतीत गावी आले की दहावी-बारावीची मुलं विचारायला येतात. ग्राउंडचे, म्हणजे जमिनीवर पुस्तकातून शिकायचे, विषय कसे करायचे याबद्दल त्यांना जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

पुस्तकाला हात लावण्याआधी

पहिली पायरी डॉक्टरची. क्लासची फी, पुस्तकं, मुंबईतली खोली, यांतल्या कशावरही पैसे घालण्याआधी क्लास टू मेडिकल करून घ्या. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडेच ती होते. तालुक्याच्या गावातल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. त्यानंतर क्लास वन. व्यावसायिक परवान्यासाठी क्लास वन लागतेच. चष्मा असला म्हणून घाबरू नका, चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मापात येत असेल तर अडत नाही. रंग ओळखण्यात अडचण आहे का, हे मात्र आधी कळायला हवं. कर्ज काढल्यावर हे कळणं फार क्रूर असतं. मी एका मुलाच्या घरी ते बघितलं आहे.

दुसरी पायरी शिक्षणाची. आजच्या नियमाप्रमाणे बारावीला फिजिक्स आणि गणित हवं. कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलं असेल तर वाट बंद होत नाही. मुक्त विद्यालयातून हे दोन विषय नंतर देता येतात, आणि तसं करून पुढे गेलेली मुलं आहेत.

तिसरी पायरी कॉम्प्युटर नंबर. डीजीसीएच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला हा क्रमांक एकदाच मिळतो आणि आयुष्यभर तोच राहतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि बोर्डाकडून झालेली त्यांची पडताळणी लागते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या मुलांना त्यासाठी मुंबईला धावायची गरज नाही, आपलं कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीतच आहे. इथे एक गोष्ट जपा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आणि पासपोर्टवर क्रम वेगळा असतो, कधी वडिलांचं नावच गळलेलं असतं, कधी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त. हे सगळं एकसारखं करून मगच अर्ज भरा. माझ्या वडिलांच्या नावातल्या एका अक्षरापायी माझे कित्येक आठवडे गेले आणि एक परीक्षा हुकली.

विषय कोणते आणि कोणत्या क्रमाने

व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, डीजीसीएचे पेपर असे: एअर नेव्हिगेशन, एव्हिएशन मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर तुम्ही शिकता त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. शिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना, ज्याला सगळे आरटीआर म्हणतात. पेपर संगणकावर असतात, पर्याय निवडायचे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका.

क्लासवाले बहुतेक वेळा रेग्युलेशन्सपासून सुरू करतात, कारण तो लवकर सुटतो आणि मुलाला हुरूप येतो. माझं मत वेगळं आहे. मेटिऑरॉलॉजीपासून, आपल्या भाषेत हवामानापासून, सुरुवात करा. हा विषय समजायला लागला की आकाशाकडे बघण्याची सवय लागते, आणि ती सवय पुढे नेव्हिगेशनला उपयोगी पडते. दुसरं नेव्हिगेशन, त्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. टेक्निकल त्याच्या जोडीने रोज थोडं. रेग्युलेशन्स पाठांतराचं आहे, ते परीक्षेच्या जवळ घ्या, नाहीतर आकडे विसरतात.

ऋतूचाही विचार करा. फ्लाइंगसाठी आपली मुलं बारामती, धुळे, गोंदिया किंवा राज्याबाहेर जातात. सीपीएलला २०० तास उड्डाण लागतं आणि ढग खाली उतरले की शिकाऊ विमानं जमिनीवरच राहतात. ज्यांचे पेपर बाकी असतात त्यांचं मोकळ्या आभाळात पुस्तकामुळे अडतं आणि पावसात विमानामुळे. म्हणून जमेल तर निदान तीन मोठे पेपर फ्लाइंग सुरू होण्याआधी काढून टाका. बारावीची परीक्षा संपली की आगोटीची कामं आटपून जून ते गणपती हा काळ आपल्याकडे घरात बसण्याचाच असतो. बाहेर पागोळ्या, वीज गेलेली, मोबाईलला रेंज नाही. व्हिडिओ बघून शिकणाऱ्याची अशा वेळी पंचाईत होते, छापील पुस्तक आणि वही असणाऱ्याची होत नाही. नोट्स छापून ठेवा.

मेटिऑरॉलॉजी: दाराबाहेरचा विषय

परीक्षा इंग्रजीत असते. मराठी माध्यमातल्या मुलांना पहिला धसका याचाच बसतो. एक वही करा. डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा, उजव्या पानावर ती गोष्ट आपल्या शब्दांत आणि आपल्या गावातलं तिचं उदाहरण. सी ब्रीझ म्हणजे खारे वारे, लँड ब्रीझ म्हणजे मतलई. दुपारी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, दाब कमी होतो आणि समुद्रावरची हवा आत ओढली जाते. रात्री उलटं. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारच्या खाऱ्यावर घरी यायचं, हे प्रत्येक तांडेलाला ठाऊक होतं. पेपरात हे चार पर्यायांत येतं. ज्याच्या घरात तांडेल आहे त्याला ते पाठ करावं लागू नये.

आता थोडी आकडेमोड. ढगाचा तळ किती उंचीवर असेल? हवा वर चढताना, ओलावा अजून सुटलेला नसेल तर, दर हजार फुटांना साधारण ३ अंश सेल्सिअसने थंड होते. तिचा दवबिंदू मात्र हजार फुटांना अर्ध्या अंशाच्या आसपासच उतरतो. म्हणजे तापमान आणि दवबिंदू यांच्यातलं अंतर हजार फुटांना अडीच अंशांनी मिटतं. एक अंश मिटायला ४०० फूट. हे सूत्र असं सोडवून समजून घ्या, नुसतं पाठ करू नका. सावंतवाडीत जूनच्या सकाळी तापमान २८ आणि दवबिंदू २४ असेल तर फरक ४, ढगाचा तळ सुमारे १६०० फुटांवर. आंबोली आहे जवळजवळ २२०० फुटांवर. म्हणून खालून बघताना घाट ढगात बुडालेला दिसतो आणि वर गेलं की आपण धुक्यात आहोत असं वाटतं. एकच ढग, खालून स्ट्रॅटस, म्हणजे थरासारखा पसरलेला ढग, आतून धुकं. डोंगराने हवा वर ढकलली की पाऊस, डोंगर उतरताना तीच हवा पुन्हा तापते आणि कोरडी होते. ऑरोग्राफिक लिफ्टिंगचा पूर्ण धडा सह्याद्रीच्या दोन बाजूंवर लिहिलेला आहे: आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि घाटाच्या पलीकडे थोडं पुढे गेलं की पाण्याची वाट बघणारी गावं.

उत्तर गोलार्धात कमी दाबाच्या केंद्राभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो. बाइज बॅलटचा नियम सांगतो: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडापर्यंत त्याने माड आणि कौलं उडवली. नकाशा काढा आणि स्वतःला दाभोळला उभं करा. केंद्र पश्चिमेला समुद्रात आहे तेव्हा वारा कुठून यायला हवा? दक्षिणेच्या अंगाने. केंद्र वर, उत्तरेला सरकलं की? पश्चिमेच्या अंगाने. मग त्या दिवशी घरात असलेल्या कुणाला तरी विचारा की आधी कुठल्या बाजूची कौलं गेली आणि नंतर कुठली. हा नियम तुम्ही पुन्हा विसरणार नाही.

तिसरी सवय रोजची, दहा मिनिटांची. मुंबई आणि गोव्याच्या विमानतळांचे हवामान अहवाल, मेटार, भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर उघड असतात. त्यांतला एक रोज वहीत उतरवून उलगडा. समजा लिहिलं आहे: २४०१५जी२५केटी ३००० आरए बीकेएन००८ २७/२५ क्यू१००२. वारा २४० अंशांकडून १५ नॉट्स (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल), झोत २५ पर्यंत. दृश्यमानता ३००० मीटर. पाऊस. आठातले पाच ते सात भाग झाकणारे ढग ८०० फुटांवर. तापमान २७, दवबिंदू २५: फरक २, चारशेने गुणलं की ८००, म्हणजे ढगाचा तळ आपल्या सूत्राशी जुळला. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब, १००२ हेक्टोपास्कल. प्रमाण दाब १०१३ धरला तर फरक ११ हेक्टोपास्कल, आणि जमिनीजवळ एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट. उंचीमापक १०१३ वरच ठेवून उतरायला निघालात तर तो तुम्हाला आहात त्यापेक्षा सुमारे ३०० फूट वर दाखवेल. वर ढग ८०० फुटांवर. हा एवढासा हिशेब माणसांच्या जिवाशी बांधलेला आहे, म्हणून मी तो पुन्हा पुन्हा करायला लावते.

अहवालातली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. आपली वेळ साडेपाच तास पुढे. ००३० म्हणजे आपले सकाळचे सहा.

नेव्हिगेशन: वही, पट्टी, पेन्सिल

या विषयाला शॉर्टकट नाही. रोज दोन तास, कागदावर, हाताने. फ्लाइट कॉम्प्युटर, म्हणजे ती गोल सरकपट्टी, बोटांत बसेपर्यंत फिरवावी लागते.

सुरुवात आपल्याच नकाशावर करा. रत्नागिरीचा विमानतळ साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि सिंधुदुर्गातला चिपीचा साधारण १६ अंशांवर. चिपी रेखांशात सुमारे १२ मिनिटं पूर्वेला. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. मग उत्तर-दक्षिण अंतर ६० मैल, एकही आकडेमोड न करता. रेखांशाची १२ मिनिटं मात्र १२ मैल होत नाहीत, कारण रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात. अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं: साडेसोळा अंशांचा कोसाइन ०.९६, म्हणून साडेअकरा मैल. याला डिपार्चर म्हणतात. ६० मैल खाली आणि साडेअकरा मैल पूर्वेला, तर थेट अंतर ६१ मैल.

दिशा? एकास साठचा नियम वापरा: ६० मैलांत एक मैल बाजूला गेलात तर कोन एक अंश. साडेअकरा मैल म्हणजे साधारण ११ अंश. सरळ दक्षिण १८०, त्यातून ११ वजा, ट्रॅक १६९.

आता पावसाळा आणा. पश्चिमेकडून, २७० अंशांवरून, २० नॉट्स वारा. आपलं छोटं विमान हवेत १०० नॉट्सने जातं. वारा उजव्या पंखावर जवळजवळ काटकोनात येतो, म्हणून तो विमानाला डावीकडे, सह्याद्रीकडे लोटणार. तो थोपवायला तोंड ११ अंश उजवीकडे, समुद्राकडे धरायचं. १६९ अधिक ११, हेडिंग १८०. फेरीबोटीचीच गोष्ट. वाऱ्याचा थोडासा भाग मागूनही येतो, म्हणून जमिनीवरचा वेग सुमारे १०२ नॉट्स. ६१ मैलांना ३६ मिनिटं. हे गणित आधी कागदावर बाणांचा त्रिकोण काढून सोडवा, मग सरकपट्टीवर, मग मनात अंदाजाने. तिन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. माझ्या पहिल्या वेळी मला फक्त सरकपट्टीची चाल पाठ होती आणि वारा उलट बाजूने लावला तरी कळत नव्हतं, कारण डोळ्यांसमोर विमान नव्हतंच.

वेळेची गणितं मुलांना नकोशी होतात. तीही घरून करता येतात. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, एका अंशाला ४ मिनिटं. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांशाची आहे, रत्नागिरी ७३ अंश १८ मिनिटांच्या आसपास. फरक ९ अंश १२ मिनिटं, म्हणजे जवळजवळ ३७ मिनिटं. घड्याळात बारा वाजतात तेव्हा रत्नागिरीच्या स्थानिक वेळेला ११ वाजून २३ मिनिटं झालेली असतात. दुपारची सावली सगळ्यात आखूड कधी होते ते अंगणात काठी रोवून बघा. बारा वाजता होत नाही.

पॉइंट ऑफ नो रिटर्न हा शब्द ऐकून घाबरणाऱ्यांनी बंदरावर जाऊन विचारावं, टाकीत एवढं डिझेल असताना किती आत जाऊन परत येता येतं. हिशेब तोच. इंधन एकूण ४ तास पुरतं, जाताना जमिनीवरचा वेग १२०, येताना ८०. जाण्याची वेळ म्हणजे ४ गुणिले ८० भागिले दोन्ही वेगांची बेरीज २००, म्हणजे १.६ तास, ९६ मिनिटं. अंतर १९२ मैल. पडताळा: परतायला १९२ भागिले ८०, २.४ तास. बेरीज ४. इथे मुलं जाण्याचा वेग वर लिहितात आणि चुकतात. वर नेहमी येण्याचा वेग.

कन्व्हर्जन्सी, वेगवेगळ्या नकाशांच्या प्रक्षेपणांचे गुण, रेडिओ उपकरणांचे पल्ले, होकायंत्राच्या वळणातल्या चुका: यांना गावातली उदाहरणं नाहीत. तिथे फक्त सराव. रोज पंचवीस गणितं, आणि चुकलेलं गणित तिसऱ्या दिवशी पुन्हा.

रेग्युलेशन्स

७ डिसेंबर १९४४ ला शिकागोत करार झाला, त्यातून आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, उभी राहिली, आणि त्या कराराला आज १९ परिशिष्टं आहेत. कोणतं परिशिष्ट कशाचं, हे पाठ करावंच लागतं: १ परवान्यांचं, २ हवेतल्या वाहतुकीच्या नियमांचं, ३ हवामानाचं, १२ शोध आणि बचावाचं, १३ अपघाताच्या तपासाचं, १४ विमानतळांचं. आपल्या देशात १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला आहे आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. दादाची किंवा ताईची जुनी पुस्तकं वापरत असाल तर हे आधी दुरुस्त करा.

नियमांमागचं कारण शोधा, म्हणजे आकडे सोडून बाकी सगळं आपोआप बसतं. समोरासमोर आलो तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा आहे त्याने वाट द्यायची. हे दोन नियम समुद्रावरच्या यांत्रिक बोटींनाही असेच लागू आहेत. ० ते १७९ अंशांच्या ट्रॅकवर विषम हजारांच्या पातळ्या, १८० ते ३५९ वर सम, म्हणजे येणारे आणि जाणारे एका उंचीवर भेटू नयेत.

रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दिवा दाखवतात. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ धोक्याचा आहे, उतरू नका. मी आणि माझा भाऊ टॉर्चवर रंगीत जिलेटीन लावून रात्री खळ्यात हे खेळायचो. तो आज बँकेत आहे, अजून त्याला सगळे इशारे पाठ आहेत.

टेक्निकल

यात पंखाभोवतीची हवा, इंजिन, उपकरणं, वीज, चाकं असं सगळं येतं. बारावीचं फिजिक्स पक्कं असेल तर निम्मं काम झालेलं असतं. एखाद्या गॅरेजमध्ये सुट्टीत आठ दिवस बसा. पिस्टन, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह हातात घेऊन बघितले की आकृत्या जिवंत होतात. मात्र मासेमारीच्या बोटीचं इंजिन डिझेलचं, त्याला स्पार्क प्लग नसतो. शिकाऊ विमानांची बहुतेक इंजिनं पेट्रोलची, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्रांवर, चालणारे, म्हणजे एक गेला तरी इंजिन चालू राहतं.

एका गोष्टीवर कोकणातल्या मुलांनी थांबावं: कार्ब्युरेटरमध्ये जमणारा बर्फ. बाहेर २५ अंश असताना बर्फ कसा, असं वाटतं. पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, आणि अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब आणि तापमान उतरतं. दोन्ही मिळून वीसहून जास्त अंशांची घसरण होऊ शकते. हवा दमट असेल तर त्या गळ्यात बर्फ धरतो, विशेषतः उतरताना पॉवर कमी केलेली असते तेव्हा. लोकांना वाटतं हा धोका थंड देशांचा. आपल्या दमट किनाऱ्यावर तो अगदी खरा आहे, आणि पेपरात नेमका याच समजुतीवर प्रश्न येतो.

टेक्निकल स्पेसिफिक तुमच्या विमानाचं असतं, सेसना १७२ असेल तर तिचं. ते फ्लाइंग स्कूलमध्ये विमानाची पुस्तिका हातात आल्यावरच करा. आधी केलं तर वाया जातं.

आरटीआर: तोंड उघडण्याची परीक्षा

ही परीक्षा पूर्वी दूरसंचार खातं घेत असे. नव्या अधिनियमाने हे काम डीजीसीएकडे आलं आहे. अर्ज करताना आजची पद्धत आणि तारखा डीजीसीएच्याच संकेतस्थळावर बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

लेखी भागापेक्षा मुलं बोलण्याच्या भागात अडतात. इंग्रजीची भीती, परीक्षकाची भीती, आणि आपला कोकणी हेल ऐकून कुणी हसेल ही भीती. रेडिओवर हेलाला बंदी नाही, अस्पष्टपणाला आहे. वाक्यं ठरलेली असतात, शब्द मोजके असतात. रोज अर्धा तास मोठ्याने बोला, एकाने टॉवर व्हायचं आणि एकाने विमान. सांगितलेलं परत म्हणून दाखवणं, रीडबॅक, हा त्यातला प्राण आहे. आकडे एकेक सुटे म्हणायचे, नऊला नाइनर म्हणायचं. संकटात मेडे तीनदा, निकड असेल पण जिवावर बेतलेलं नसेल तर पॅन पॅन तीनदा. विमानांची संकटातली फ्रीक्वेन्सी १२१.५ मेगाहर्ट्झ, बोटींच्या व्हीएचएफवर चॅनेल १६. शब्द दोन्हीकडे तेच.

माझी आई इंग्रजी फारशी शिकलेली नाही. ती स्वयंपाक करताना माझ्यासाठी टॉवर व्हायची, कागदावर देवनागरीत लिहिलेलं वाचून दाखवायची. मी चुकीचं परत म्हटलं की थांबवायची. एवढं पुरतं.

प्रश्नसंच आणि परीक्षेचा दिवस

प्रश्नसंच वाईट नाहीत. ते शेवटच्या तीन आठवड्यांसाठी आहेत. एखादा प्रश्न सोडवल्यावर स्वतःला विचारा, बाकीचे तीन पर्याय चूक का आहेत. ते सांगता आलं तरच तो प्रश्न तुमचा झाला. सगळे पेपर खात्रीने पास करून देतो असं म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका, आणि पूर्ण फी एकरकमी तर कुठेच नको. क्लास निवडताना आधी दोन तास बसू द्या म्हणा, आणि एक वारा-त्रिकोणाचं गणित शिक्षकाला फळ्यावर सोडवायला सांगा. जो बाण काढून सोडवतो त्याच्याकडे जा.

सगळे पेपर एकाच सत्रात द्यायचा हट्ट धरू नका. मेटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्स एका वेळी, नेव्हिगेशन एकटं, टेक्निकल नंतर, असं मी दुसऱ्या खेपेला केलं.

परीक्षा मुंबईला असेल आणि दिवस पावसाळ्याचे असतील तर आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी निघा. कोकण रेल्वे पावसात कमी वेगाच्या वेगळ्या वेळापत्रकावर धावते, दरड आली तर गाडी तासन्‌तास थांबते, आणि महामार्गाचा भरवसा कुणीच देणार नाही. ओळखपत्राची मूळ प्रत, प्रवेशपत्राच्या दोन छापील प्रती, परवानगी असलेला कॅल्क्युलेटर आणि त्याचे नवे सेल प्लास्टिकच्या पिशवीत घाला. सरकपट्टीही त्याच पिशवीत. माझी एकदा पनवेलच्या स्टँडवर भिजली आणि तिची चकती फिरेना.